भुऱ्याचं वजन

धाड,
१४ सप्टेंबर २०२५

चि. सहदेव यास,
आशीर्वाद. आई आणि मी ठीक आहोत. तिकडे तुम्ही सगळे बरे असाल.

"ताई, याले मोजून नको देऊ. पोट भरलं की तो सोताच थांबते." सहा वर्षांपूर्वी भुऱ्याला पिशवीतून घरी आणलंस, तेव्हा तू म्हणाला होतास. तो थांबत नाही, सहदेव.

मध्यंतरी तो मागचा पाय उचलून चालायला लागला, म्हणून गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं. आधी वजन करून आणा म्हणाले. अडत दुकानात सोयाबीनच्या काट्यावर बसवला. एकतीस किलो. हमाल म्हणे, "मॅडम, पोत्यात भरून कट्टा शिवून देऊ का?"

डॉक्टर मात्र हसले नाहीत. या चणीच्या कुत्र्याला चोवीस पुरे, असंच चाललं तर हिवाळ्यात त्याला उठवणार नाही, म्हणाले. आज आहे त्या वजनाचं नाही, असायला पाहिजे त्या वजनाचं खाणं द्यायचं. दोन वेळचं मिळून दोन भाकरी, दोन उकडलेली अंडी, वाटीभर वरण. मी अगदी तसंच देत होते. महिन्यानं पुन्हा काट्यावर नेला, तर साडेएकतीस.

शेजारच्या गीताबाईंना विचारलं. "माह्या घरचा तुकडाबी नाही खाल्ला त्यानं. उगी नाव नको घेऊ!"

काल शनिवार, सकाळची शाळा. मी लवकर घरी आले, तर आई मागच्या दारी भुऱ्याच्या भांड्यात भाकरी कुस्करत होती. दोन भाकरी, वर तूप.

"आई, हे कोणाचं?"

"सहदेवच्या वाटचं. दुपारलोक झाकून ठेवतो. नाही आला तर यानं खावं. तूच म्हणली होती ना, सुटी भेटली की येते म्हणून?"

मी म्हणाले होते. चार वर्षांपूर्वी. तेव्हापासून ती रोज ठेवते, आणि मी शाळेत असते; सुटीला घरी असले तरी मागच्या दारी कधी डोकावले नाही.

बाबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी तू आलास, आणि मी तुला ओसरीवरच अडवलं. "आता काऊन आला? जिवंत होते तेव्हा यायचं होतं," म्हणाले. तू चप्पलही काढली नव्हतीस. आई मागच्या खोलीत पडून होती. तिला मी सांगितलं, सहदेवला सुटी मिळाली नाही. बाबांच्या दुखण्यात मी एकटी होते, त्याचा राग होता. पण तो राग एका दिवसाचा होता. नंतरची चार वर्षं मी फक्त भीत होते, तू आलास तर तिला कळेल म्हणून.

काल तिला सगळं सांगितलं. ती रडेल, मला बोलेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "म्हंजे आला होता तो." आणि भांडं विसळायला घेतलं.

आज सकाळी मी भाकरी मोजल्या. तितक्याच होत्या, तुझ्या दोन धरून.

भुऱ्याला त्या आता देता येणार नाहीत. आईला 'थापू नको' म्हणायचं तोंड मला राहिलेलं नाही. येत्या रविवारी जेवायला ये. माझ्यासमोर बसायचं नसेल तर मी सकाळच्या एसटीनं बुलढाण्याला जाईन, संध्याकाळपर्यंत येणार नाही. तू नाही म्हणशील हे धरूनच विचारते आहे. तरी ये.

तुझी,
निशिगंधाताई