मलेरिया पाहायला आलेली मंडळी

चामोर्शी, ऑक्टोबर १९९८

गुणवंतराव भाऊंना जाफरचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

जिवतीच्या डोंगरात तब्येत कशी आहे? वहिनींचे गुडघे, तुमचा कापूस? मी ठणठणीत आहे. (अक्षर हलले आहे ते टेबलामुळे.)

भाऊ, रिक्षावर भोंगा बांधून नाटकांची जाहिरात मीच करतो, हे तुम्ही जाणता. म्हणून सरकारी दवाखान्याच्या मलेरियाच्या कॅसेटसाठी डॉक्टरसाहेबांना माझाच आवाज हवा होता. (थांबा, पंखा बंद करून येतो.) कागदावर एवढेच होते की ताप आला तर रक्त तपासून घ्या. पण मला मेल्याला साधे बोलता येते का? सवयीने तोंडून निघाले, "रसिक मायबाप हो! थंडी वाजते? अंग कापते? येत आहे आपल्या गावात, मलेरिया!" साहेब खूश झाले, आणि कॅसेट आठवडी बाजारात वाजली.

संध्याकाळी दवाखान्याच्या मैदानात बैलबंड्याच बैलबंड्या! लोक पोती, घोंगड्या, लेकरे आणि शेंगा घेऊन पुढची जागा धरायला धावले. धुरपताबाईने मलाच विचारले, "जाफरभाऊ, हिरोईन कुठची आनली?" मी म्हटले, "नाटक नाई बाई, रोग आहे." तर म्हणे, "असू दे. तिकीट काऊन नाई ठेवलं?" मलेरियावाला बुधू हुशार. त्याने रांग लावली, एकेकाचे बोट टोचून काचेवर थेंब घेतला आणि मगच आत सोडले. लोकांना वाटले हेच तिकीट. मग पैसा वसूल म्हणून मला सगळी पात्रे करावी लागली, डाससुद्धा. (पंखा पुन्हा लावला. काय उकडते आहे!)

तेव्हापासून तालुक्यात मान आहे, पण घरात नाही. खैरुन सकाळपासून दारात उभी आहे. "लोकायचे बोटं टोचवले, आपलं काऊन लपवून राह्यले?" बायकोला काय सांगू? शाळेत देवी टोचायला आले तेव्हा मी तुमच्या पाठीमागे लपलो होतो, ते तुम्हालाच माहीत.

तुमचा
जाफर

ता. क. टेबल हलत नाही, मी हलतो आहे. एक दिवसाआड थंडी वाजून ताप येतो आणि मला फार भीती वाटते आहे. तापाची नव्हे, सुईची. उद्याच्या गाडीने तुमच्याकडे येतो. तिकडे माझा आवाज कोणी ओळखत नाही. रक्त घेताना तेवढा हात धरा, आणि खैरुनला कळवू नका.

ता. क. दुसरा. येत नाही. खैरुनने रिक्षावरचा भोंगा लावला. "रसिक मायबाप हो! आज आमच्या आंगनात, जाफरभाऊचा मलेरिया!" धुरपताबाई पोते अंथरून सगळ्यात पुढे बसली आहे. बुधू हात धुतो आहे.