उडती खाट

मु. होळी, वसई
१२ सप्टेंबर २००६

प्रिय नताशा,

तू म्हणशील, घरात फोन आहे, विरार काही सातासमुद्रापार नाही, मग मम्मीला पत्र लिहायची काय हौस आली. फोनवर तू विचारतेस, बरं आहे ना सगळं, मी म्हणते, बरं आहे, आणि दोघी एकमेकींना फसवून मोकळ्या होतो. शिवाय फोनवर तुला नको असलेला विषय निघाला की तुझा कुकर हमखास शिट्टी देतो. पत्राला ती सोय नाही.

वाडीत सोनटक्का बरा फुललाय. वाऱ्याने केळी आडव्या केल्या. पप्पांचा गुडघा तसाच, आणि डॉक्टरचं न ऐकायची खोडही तशीच. दुपारची दोघंच जेवतो. पप्पा मुळात कमी बोलणारे, आता तर मीठ हवं असलं तरी नुसती मान वर करतात. परवा पलंगाखाली झाडताना तुझ्या ज्योएलची एक चप्पल निघाली. ती आता त्याला होणार नाही हे मला कळतं, पण मी ती टाकली नाही.

विहिरीमागचं ट्रॅम्पोलीन अजून उभं आहे. गावातल्या म्हाताऱ्या अजून त्याला उडती खाटच म्हणतात. ते आलं तो दिवस तुला आठवत असेल. माझ्या ॲल्रॉयने कुवेतहून पाठवलेला पेटारा पप्पा सहार विमानतळाच्या कार्गोतून टेम्पोत घालून घेऊन आले. आम्हाला वाटलं, फ्रीज असेल. निघाल्या लोखंडी नळ्या, ढीगभर स्प्रिंगा आणि एक काळं कापड. त्यासाठी वांग्याचे दोन वाफे मोडले म्हणून मी दोन दिवस धुसफुसत होते. ॲल्रॉय फोनवर एकच सांगत होता, मम्मी, जाळी चारी बाजूंनी बांधून घे हां, पोरं पडतील. स्वतः तेलाच्या टाक्यांवर चढून काम करायचा, आणि काळजी पोरांच्या पडण्याची. पुढच्या वर्षी तोच वरून पडला. पप्पा पुन्हा त्याच कार्गोत गेले, त्याच खिडकीवर सही केली आणि शवपेटी घेऊन आले. घरी आल्यावर ते पायही न धुता ओट्यावर बसून राहिले. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं अजून एकमेकांशी बोललेलो नाही.

आपल्याकडे दुखवट्याच्या वर्षात रेडिओ लावत नाहीत, नाताळाला घरात गोडधोड तळत नाहीत. पण सेलिन पाच वर्षांची आणि ज्योएल तीनचा, त्यांना कोण समजावणार? घरात बायका रोझरीला बसलेल्या आणि मागून पोरांच्या उड्यांचा आवाज. त्यातल्या आल्बिनाने मान हलवून म्हटलंच, मेल्याच्या घरात पोरां उड्या मारतात, काय ही तऱ्हा. तू लाजेने त्यांना उतरवायला धावलीस आणि मी तुझा हात धरला. बापाने पाठवलंय, उडू देत, म्हटलं. मग बायकांना सांगितलं, पुढची प्रार्थना जरा मोठ्याने म्हणा. त्या दिवशी तू पहिल्यांदा रडलीस. तोवर मला तुझ्याबद्दल भीतीच वाटत होती. पोरं उडली, पण तू मात्र तेव्हा चढवलेले काळे कपडे अजून उतरवले नाहीस. म्हाताऱ्या बायका जन्मभर काळं नेसतात, पण तू म्हातारी नाहीस गं.

नोकरीसाठी विरारला मनवेलपाड्यात माहेरी तुझ्या मम्मीकडे राहायला गेलीस ते योग्यच केलंस. मला वाईट वाटलं नाही असं मी सगळ्यांना सांगते. तुला खरं सांगते, फार वाईट वाटलं. एका दुपारी मी त्या खाटेवर जाऊन आडवी झाले. पोरं तिथे पडून आभाळात काय बघायची ते बघावं म्हटलं. आभाळ नेहमीचंच होतं. मग उठता येईना. हात टेकला की हात खाली, पाय टेकला की पाय खाली. गुडघ्यामुळे पप्पांना मला ओढून उठवणं जमेना, शेवटी शेजारच्या आग्नेसला हाक मारावी लागली. ती अजून देवळाबाहेर भेटली की हसते. मी तिथे रडत होते हे तिला दिसलं होतं, पण तेवढं तिने कुणाला सांगितलं नाही.

गणपतीच्या सुट्टीत तू पोरांना घेऊन आलीस, तेव्हा सोबत तुझ्या ऑफिसातला जेरोम होता. ओळखीचे आहेत, सहज सोडायला आले, असं तू तीनदा सांगितलंस. एकदा सांगितलं असतंस तर मी कदाचित विश्वास ठेवला असता. पावसाने स्प्रिंगा गंजल्या होत्या, जाळी फाटली होती. तो म्हणाला, अशावर पोरांना चढवू नका, आणि पप्पांकडून पक्कड मागून घेतली. मग इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात चिखलात खाली शिरून संध्याकाळपर्यंत खाटखूट करत बसला. नुसता ओळखीचा माणूस एवढं करत नाही. जाळी बांधून झाल्यावर त्याने आधी स्वतः तिच्यावर अंग टाकून पाहिलं, मगच ज्योएलला चढवलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. मला तो आवडला, आणि आवडला म्हणून त्याचा रागही आला. तिथे माझा मुलगा हवा होता.

आता पत्राचं कारण. रविवारी देवळात मिस्सा झाल्यावर तुझी मम्मी भेटली. जेरोमने लग्नाचं विचारलं आणि तू नाही म्हणालीस, असं त्यांच्याकडूनच कळलं. सासू-सासऱ्यांना काय तोंड दाखवू, म्हणालीस म्हणे. नताशा, आमचं नाव पुढे करून स्वतःला पुरून घेऊ नकोस. एक आम्ही पुरलाय, तेवढा पुरे. तुझा मामा दुसऱ्या लग्नाला उभा राहणार नाही, हेही कळलं. पहिल्या वेळी तुझे वडील हयात नव्हते म्हणून त्यानेच तुला वेदीपर्यंत नेलं होतं. हे मी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, तिला लिही, मी नेईन. तेव्हा जेरोमला हो म्हण. लग्नाआधी कुणाची हरकत आहे का म्हणून देवळात तुमची नावं पुकारतील, त्या तिन्ही रविवारी आम्ही पहिल्या बाकावर बसू, म्हणजे कुणाला बोलायला जागा उरणार नाही. लग्नाच्या दिवशी पप्पा लंगडतील, त्यांच्या चालीने चाल. मी रडेन, ते मात्र नक्की. तेव्हा मागे वळून पाहू नकोस, पप्पांचा हात धरून पुढे जात राहा.

लग्नानंतरही तुझीच,
मम्मी