पाव्हण्याला अर्धा कप

१२ जुलै, शनिवार

हाफ! सख्ख्या पोरीला हाफ!

शहागडला बसमधून उतरले, बॅगा ओढत हॉटेलात आले, बाकड्यावर टेकले, तर पप्पांनी पुढ्यात ठेवला तो कप अर्धा! ज्या इंद्रभानच्या, म्हणजे पप्पांच्याच, हॉटेलात ट्रकवाल्यांना बशीत सांडेपर्यंत चहा मिळतो, त्याच हॉटेलात. मी बघतच राहिले. पप्पा मिशीतल्या मिशीत हसून राहिलेले. म्हणाले, "तुमच्या तिकडची रीत हाय ना? मंग बस बराबर."

चूक माझीच. डॉक्टरकी शिकायला किर्गिझस्तानात गेले, त्या पहिल्या वर्षी मीच त्यांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं. बिश्केकला पाहुण्याला चहा अर्धाच ओततात. अर्धा म्हणजे बसा, घाई नाही, संपला की परत ओतू. आणि काठोकाठ भरून दिला तर समजायचं – प्या आणि निघा. तेव्हा पप्पा केवढे तापले होते! "अर्धा कप? पाव्हण्याला? लाज न्हाई का त्या लोकांला?"

आज तीच रीत माझ्यावर! दोनदा उठून परत ओतला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१३ जुलै

टोपल्यात भाकर उलटी ठेवली म्हणून धाकट्या छकुलीवर ओरडले. तिकडे रोटी पालथी ठेवली की म्हाताऱ्या बायका धावून येतात, तीच सवय लागलीय. छकुली माझ्यापेक्षा शहाणी. "ताई, भाकरीला काय तोंड असतंय का?"

१६ जुलै, बुधवार

आत्या आली. आसराबाई आत्या पप्पांची थोरली बहीण. ती उंबऱ्याच्या आत आली की घराचा कारभार आपोआप तिच्या हातात जातो. मम्मी तर तिच्यासमोर स्वतःच्या घरात विचारून मीठ घालते.

"तीन वर्सं शिकली, लई झालं. उरलंसुरलं लग्न झाल्यावर बी होतंय."

होतंय! डॉक्टरकी म्हणजे काय अर्धी शिवलेली गोधडी आहे, सासरी नेऊन पुरी करायला?

स्थळही घेऊनच आलीय. आदिनाथ. जालन्याला एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात सुपरवायझर, घर राजूरजवळ. आखाड संपला की पाहुणे येणार. मुहूर्त बघून संकट घरात घ्यायचं, ही खास आपली पद्धत.

मी स्पष्ट सांगितलं, चोवीस ऑगस्टला मी परत चालले. आत्या शांतपणे म्हणाली, "पासपोट कोणापाशी हाय?"

पासपोर्ट पप्पांपाशी. हॉटेलच्या गल्ल्यात. घरात उंदीर फार, म्हणून आल्या दिवशी मीच ठेवायला दिला. मी पप्पांकडे पाहिलं. ते गाळणी झटकत होते. झटकतच राहिले.

मी मागणार नाही! इथे लिहून ठेवते. गल्ल्याला कुलूप नाही, मला उचलून घेता येईल – तेही करणार नाही. चोर आहे का मी? त्यांनी आपल्या हाताने द्यावा. कुणाकडे काही मागणार नाही.

१९ जुलै, शनिवार

हॉटेलात बसलं की जो तो डॉक्टरीनबाई! आज एक मोसंबीचा टेम्पोवाला विचारतो, "तिकडं समद्यालाच पास करतेत म्हणं?"

म्हटलं, मामा, तिकडे पेशंटला कुठे दुखतंय ते रशियनमध्ये विचारावं लागतं. तो जे सांगतो ते समजून घेऊन सरांसमोर उभं राहून इंग्रजीत बोलावं लागतं. चुकलं तर सर सगळ्यांदेखत घरी पाठवतात. तुम्हाला मराठीत तरी धड सांगता येतं का कुठे दुखतंय ते?

तो मोठ्याने हसला आणि लगेच पँट वर करून गुडघा पुढे केला. "हे पाहा बरं मंग." नाही पाहिला! अजून डॉक्टर नाही मी. आणि होईन तेव्हा चहाच्या बाकड्यावर तपासणार नाही.

जालन्याच्या होस्टेलला असताना आजोबा मेंढ्या राखायचे म्हटलं की पोरी एकमेकींकडे बघायच्या. बिश्केकला घरमालकिणीने, गुलनारा एजेने – एजे म्हणजे ताई – पहिल्याच आठवड्यात तेच विचारलं. तुमची माणसं काय करतात? सांगून टाकलं, आजोबा कळप घेऊन गोदाकाठाने फिरायचे. तर बाई उठली, मला दाराजवळून उठवून आतल्या मानाच्या जागेवर बसवलं! तिचा भाऊ अजून उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन डोंगरावर जातो, तंबूत राहतो. त्या दिवसापासून आजोबांचं नाव सांगायला मी कुणाच्या बापाला भीत नाही.

२२ जुलै

मम्मीने विचारलं, तिकडे रडू येतं का. म्हटलं, येतं. मग का जाते म्हणाली. मी उठून भांडी घासायला घेतली, आणि माझाच मला राग आला.

२७ जुलै, रविवार

आले पाहुणे! मुलगा, त्याची आई, त्याचे वडील रामप्रसाद काका, आणि जीपमध्ये जागा होती म्हणून आणखी कोण कोण.

मला साडी. डोक्यावर पदर. हातात ट्रे. आत्या कानाशी, "खाली पाहून चाल." मी समोर पाहून चालले. बिश्केकला बर्फावरून चालायला शिकलेय, ट्रे घेऊन फरशीवरून सहज चालेन.

पण खरी गंमत माझी मलाच माहीत. चहा मी ओतला होता. प्रत्येक कप काठोकाठ! बशीत सांडेल इतका. एकेकापुढे ठेवताना मनात म्हणत होते – प्या आणि निघा. प्या आणि निघा. रामप्रसाद काका, तुम्हीसुद्धा!

दारात पप्पा उभे होते. त्यांनी कप पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. आणि त्यांना एकदम खोकला आला, तोंडावर उपरणं धरून बाहेर गेले. सगळ्या खोलीत ती भाषा कळणारे आम्ही दोघंच.

आदिनाथ वाईट नाही, तेही लिहिते. "तिकडं थंडी लई असंल?" म्हणाला. मी म्हटलं, उणे वीस. तर म्हणे, "मंग आमच्या भट्टीपाशी या एकडाव, समदी थंडी जाईल." मला हसू आलं. हसले म्हणून काय लग्न करायचं?

२८ जुलै

पसंत!!

सकाळीच फोन आला. आत्या स्पीकर लावून साऱ्या गल्लीला ऐकवत होती. मुलाची आई म्हणते, "पोरगी हाताची सैल हाय. कप कसा तोंडोतोंड भरती! आजकालच्या पोरी पाव्हण्याला पान्यासारखा अर्धा कप देतेत." 

करायला गेले गणपती, झाला मारुती. श्रावणातच साखरपुडा करू म्हणतात. परत जायचं नाही, जालन्यात नर्सिंगला घालू म्हणतात. घालू! दावणीला घालतात तसं.

३० जुलै, बुधवार

आज भांडले. पप्पांशी. हॉटेलात, गिऱ्हाइकासमोर.

नेहमीसारखा अर्धा कप पुढे आला आणि मला एकदम लख्ख कळलं. आल्या दिवसापासून रोज अर्धा. गंमत वाटत होती मला! गंमत नाही ती. बस. जाऊ नको. आत्या तोंडाने बोलते, हे कपाने बोलतात.

म्हटलं, "पप्पा, तुम्हीपण मला बसवूनच घ्यायला लागले ना? मग सरळ बोला. तिकडच्या रीतीच्या आड कशाला लपता?"

पप्पांनी फडकं घेतलं आणि पुसलेलंच टेबल पुन्हा पुसलं. मी कप तसाच ठेवून उठले. यापुढे त्या हॉटेलात चहा पिणार नाही. तहान लागली तर गोदावरी आहे.

३ ऑगस्ट, रविवार

आत्याला वाटेल ते बोलले आज. माझं आयुष्य, माझं शिक्षण, तू कोण. ती चिडली नाही. लसूण सोलत राहिली. मग म्हणाली –

"गेल्या साली तिकडं परदेशी पोरांला हानलं, टीव्हीवर दावलं. तू फोनवर म्हनली, आम्ही बराबर हावोत. तव्हा तुझ्या बापानं हॉटेल उघडलं न्हाई. दार लावून फोन हातात धरून बसल्ता. पान्याला शिवला न्हाई. म्या पाह्यलंय त्याला, तू न्हाई पाह्यलं."

मला माहीत नव्हतं. आम्ही पोरी तेव्हा खोलीत दिवे बंद करून बसलो होतो आणि गुलनारा एजे दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती. तेही पप्पांना माहीत नाही. आम्ही दोघा बापलेकींनी एकमेकांना "सब बराबर" सांगितलं.

तरीही जाणार. भीती वाटली म्हणून कुणी शिकायचं सोडलं तर शहागडचा पूल ओलांडायची सोय राहणार नाही. पण आत्याशी नंतर नीट बोलले. लसूण सोलू लागले.

६ ऑगस्ट

पप्पा अजून बोलत नाहीत. मीही नाही. मम्मी दोघांचे निरोप पोचवते – "त्यांला म्हणा जेवायला या." "तिला म्हणा जेवून घे."

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. आत्याने पप्पांना ओवाळलं. पप्पांनी ताटात साडी ठेवली. तिने ती बाजूला सारली.

"मला साडी नको, इंद्रा. ओवाळणीत शब्द दे. पोरीच्या साखरपुड्याची तारीख दे."

बहिणीने राखीला मागितलेलं पप्पांनी आजवर कधी नाही म्हटलेलं नाही. गेल्या वर्षी तिने दुभती शेळी मागितली, ती दिली.

पप्पांनी साडी उचलून परत ताटात ठेवली. मग म्हणाले, "उद्या सांगतो, अक्का."

मी आत जाऊन बॅग काढली. कपडे भरले, पुस्तकं भरली. पासपोर्ट नाही, तरी भरली! आणि शपथ मोडली नाही – अजून काही मागितलेलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

सकाळी छकुली आली, पप्पा हॉटेलात बोलावतात म्हणून. गेले. बाकड्यावर आत्या बसलेली, तोंड फिरवून, डोळे लाल. पप्पांनी गल्ल्यातून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. मग कप ठेवला, आणि ओतत राहिले. काठोकाठ. बशीत सांडला तरी ओतत होते.

"पी," म्हणाले. "चोवीसला निघायचंय."

मी म्हटलं, "पप्पा, एवढा नको. अर्धा द्या ना."