घरच्या हीटरची नोंद

१४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय पक्कडराव,

तू बरा असशील असं धरून चालते. खुशाली विचारायचा हक्क मी सात वर्षांपूर्वीच घालवला, म्हणून विचारत नाही.

हे पत्र बाबांनी तुझ्या हातात दिलं असेल. आधी त्यांना बसव. उजवा गुडघा दुखतो, पण ते सांगणार नाहीत, तेव्हा पाठ टेकता येईल अशी खुर्ची दे. जेवणानंतरची गोळी शर्टाच्या खिशात आहे. त्यांचं पाणी पिऊन झालं की पुढचं वाच. ते गप्प बसले तर मनाला लावून घेऊ नकोस. गेले आठ दिवस माझ्याशीही कामापुरतंच बोलतात.

इकडचं म्हणशील तर खाली दुकान, वर घर, सगळं जागच्या जागी आहे. वर्षाच्या देखभालीची घरं आता चारशेच्या वर गेली. लोकांना हिवाळ्यातल्या उबेपेक्षा उन्हाळ्यातल्या गारव्याची काळजी जास्त, त्यामुळे गॅसचे हीटर कमी आणि एसी फार. त्यांचे फिल्टर मात्र कोणी धूत नाही. एका बाईंच्या एसीतून मागच्या महिन्यात मोजा निघाला. तो तिथे गेला कसा हे त्यांनाही सांगता येईना, पण जोडी लागली म्हणून खूश झाल्या. तू असतास तर वर्षभर ती गोष्ट सांगत फिरला असतास.

आईच्या खोलीत मी शिवणयंत्र ठेवलंय. हीटर तेव्हाच काढला होता. पाइपाचं भोक बुजवलं, पण भिंतीचा रंग काही जुळला नाही.

उन्हाळ्यात आम्ही संगणक घेतला. जुन्या वह्या त्यात उतरवायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. बाबा म्हणाले, "यालाही पंखा आहे की. याचा फिल्टर धुतल्याची नोंद कुठे करणार?" मी हसले, आणि रोज दुपारी एकेक वही घेऊन बसायला लागले. तुला त्या वह्या आठवत असतील. एका घराला एक ओळ. फिल्टर, ज्योत, धुराचा पाइप, तारीख, मेकॅनिकची सही, आणि शेवटी माझी बरोबरची खूण. चुकलं तर खोडरबर चालायचं नाही. चुकीच्या नोंदीवर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं काय ते लिहायचं आणि दोघांनी सही करायची, लिहिणाऱ्याने आणि मेकॅनिकने. बाबांनी हे आपल्याला पाढ्यांसारखं पाठ करायला लावलं होतं.

माझ्या वह्यांत एकही खाडाखोड नव्हती. बाबा गिऱ्हाइकांसमोर मुद्दाम वही उघडून ठेवायचे आणि म्हणायचे, "हे माझ्या लेकीचं काम." मला ते फार आवडायचं. किती आवडायचं ते तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

तर उतरवता उतरवता ऑगस्टमध्ये मी त्या वर्षाच्या वहीपाशी आले. ऑक्टोबरचं शेवटचं पान सोडून पुढची पानं उतरवली. मग त्याच्या पुढची वही घेतली. मग पावत्या लावल्या, कपाट आवरलं, दुकानातली स्टुलं पुसली. तू मला ओळखतोस. मी इतकी आवराआवर करायला लागले की समजायचं, काहीतरी टाळतेय.

आता लिहिते. तुला सगळं ठाऊक आहे, तरी माझ्या हाताने एकदा लिहिलं पाहिजे.

त्या पानावर शेवटची ओळ आपल्या घराची होती. वरच्या सगळ्या ओळी भरल्या होत्या. तू जिना उतरताना म्हणालास, "घरचा हीटर उद्या सकाळी बघतो." मी लगेच तारीख घातली, तुझ्या रकान्यात तुझं आद्याक्षर काढलं आणि खूण केली. उद्या होणारच होतं, घरचंच तर होतं, आणि मला पान पुरं करून बाबांच्या टेबलावर ठेवायचं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच तुला बाहेरगावच्या कामाला जावं लागलं. तू तिथून फोन केलास, "ताई, घरचं राहिलंय. बाबांना बघायला सांग." मी हो म्हणाले.

सांगितलं नाही. सांगायचं तर पानावर रेघ मारावी लागली असती. वाटलं, चार दिवसांनी तू येशीलच, तेव्हा करशील. थंडी पडलीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी पडली. आईने जेवणानंतर खिडकी लावली, हीटर पेटवला आणि आडवी झाली. चार वाजता चहा झाला का बघायला मी वर गेले. पुढचं लिहीत नाही.

धुराच्या पाइपात पक्ष्याचं घरटं निघालं, विषारी धूर खोलीतच कोंडला होता. उन्हाळ्यात कधीतरी बांधलेलं, वाळकं, मूठभर. बाबांनी ते हातात घेऊन तुला विचारलं, "हा पाइप तू तपासलास?" तू माझ्याकडे बघितलंस. मी वहीकडे बघत राहिले. तू म्हणालास, "वहीत लिहिलंय ना? मग तपासला असेन." एवढंच. त्यानंतर बाबा तुझ्याशी बोलले नाहीत, आणि महिनाभरात तू निघून गेलास. बसस्टॉपवर मी तुला डबा द्यायला आले होते. तू म्हणालास, "त्यांना सांभाळ." मला वाटलं होतं, आता तरी शिव्या देशील.

आई माझ्यामुळे गेली. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिलं. मला फार वाईट वाटतं रे, आणि तुझ्याबद्दल जास्त वाटतं. आईच्या बाबतीत ती चूक होती. तुझ्या बाबतीत मी जे केलं ते सात वर्षं रोज सकाळी उठून करत होते.

मागच्या सोमवारी सकाळी मी ती वही बाबांसमोर ठेवली आणि सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. विचारलं, "त्याला माहीत होतं?"

"हो."

"आणि तो गप्प बसला."

"हो."

"तुझ्यासाठी."

मी मान हलवली. ते खाली दुकानात गेले. तुझी हत्यारांची पिशवी अजून त्याच खिळ्याला आहे. तिच्यातली तुझी जुनी पक्कड काढून दुपारपर्यंत तेल लावत बसले. लहानपणी उशाखाली घेऊन झोपायचास तीच. जेवायला वर आले तेव्हा म्हणाले, "तिकीट काढ. माझं एकट्याचं." रागावले असते तर बरं झालं असतं. मी केलेला स्वयंपाक खातात, ताट घासून ठेवतात, आणि माझ्याकडे बघत नाहीत.

परतीचं तिकीट त्यांनी काढू दिलं नाही. किती दिवस राहणार हेही मला सांगितलं नाही. ठेवून घेशील तितके दिवस ठेवून घे. थंडी बाधते त्यांना. तुझ्या घरी हीटर असेल तर तूच बघून घेतला असशील, ते मी सांगायला नको.

त्यांच्या पिशवीत पक्कड आहे आणि ती वही आहे. ते स्वतःहून काढतील तेव्हा बघ. त्या शेवटच्या ओळीवर मी एक रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं. शेजारी लिहिलंय, "तपासणी झाली नव्हती. मेकॅनिकने तसं कळवलं होतं. खोटी नोंद माझी." आजची तारीख घातली आहे आणि माझी सही केली आहे.

नियमाप्रमाणे तुझीही लागते. तुझा रकाना मोकळा ठेवलाय. या वेळी तुझ्या जागी मी काही लिहिलेलं नाही.

नोंद चुकवणारी,
तुझी ताई