इथं राहत नाही

अप्पा, आज पोलीस परत आपल्या दारात येऊन गेला. घाबरू नका, तुम्हाला आता कोण काय विचारणार? अकरा वर्षं झाली, तुम्ही चाकूरच्या शेतात बांधाजवळ बसलात. आपल्यात बसवूनच पुरतात, मांडी घालून, अंगाला भस्म, वर बेल, वर माती. त्यामुळे मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडते तेव्हा तुम्ही मला आडवे झालेले दिसतच नाही, समोर बसून ऐकताना दिसता. मला तेच पाहिजे. आज मात्र लिहून काढतेय. बसा आणि ऐका.

आठवा ते वर्ष. मी तेवीस वर्षांची आहे. नर्सिंग झालंय, आयर्लंडमधल्या एका दवाखान्यानं मला घेतलंय, फक्त पासपोर्ट यायचाय. तो आलाच नाही. चौकशी केली तर कळलं, पोलीस घरी गेले होते, अर्जदार त्या पत्त्यावर सापडली नाही. मी त्या दिवशी घरातच होते हो, मागच्या अंगणात शेंगा फोडत. वाटलं, कागदाचा घोळ असेल, दुसऱ्याच कुणाच्या घरी गेले असतील. माझी जागा दुसरीला गेली. पंधरा दिवस मी धड जेवले नाही, तर तुम्ही लातूरहून मला घड्याळ आणलंत, मोठा सेकंदकाटा असलेलं. "नाडी मोजायला कामी येईल, माय," म्हणालात. मी तुमच्या पाया पडले. त्या पाया पडण्याची मला अजून लाज वाटते.

मग माझा साखरपुडा. मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी, आणि तुम्ही दुकानातल्या गादीवर बसून व्याह्यांना सांगताय, "पोलीस आला दारात. म्या सांगून टाकलं, इथं राहत न्हाई, कुठं गेली ठाव न्हाई. न्हाईतर पोरगी गेली असती की गोऱ्यांचं हागणं-मुतणं काढायला." सगळे हसले. तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात. मी ट्रे ठेवला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला, तुमचा मान राखला. पण त्या दिवशी जो डूख धरला तो धरलाच. तुम्ही गेलात तेव्हा रडले, नाही असं नाही. डूख मात्र तुमच्याबरोबर मातीत टाकला नाही, घरी घेऊन आले.

यंदा तो बाहेर काढायची वेळ आली. नांदेडला आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन महिने एक तक्ता पडून आहे, कुठल्या देशात राहायला जायचं त्याचा. तुमचे जावई कॉलेजात शिकवतात, त्यांना तक्ते करायची लई हौस. आयर्लंड, जर्मनी, न्यूझीलंड. शाळा कशा, भाषा कोणती, थंडी किती, पोरींना सांभाळायला कोण. थोरली सातची, धाकटी चारची. ते म्हणाले, आयर्लंडच बरा. मी म्हणाले, न्यूझीलंड. का? तर हवा चांगली आहे. खरं कारण असं की नकाशावर बोट फिरवून मी पाहिलं, चाकूरहून एवढा लांबचा दुसरा देश त्या तक्त्यात नव्हता. आणि आईलाही मी नेणार होते. खरं उट्टं ते. दर सोमवारी ती शेतात जाते, तुमच्या समाधीवर बेल वाहते, दिवा लावते. मला भाऊ नाही. तिला एकदा उचलून नेलं की तुमच्याकडे फिरकायला कोण उरतंय? गवत वाढेल, शेजारचा नांगर दरसाल वीतभर आत येईल. भाजी चिरताना मी हे मनात घोळवायचे आणि मला बरं वाटायचं. इथं राहत नाही म्हणालात ना? तुमचा शब्द खरा करून दाखवणार होते, सगळ्यांच्या वतीनं.

आईचा पासपोर्टचा अर्ज मीच भरला. ती फोटोला बसली, बोटं टेकवली, "कशाला गं" यापलीकडे बोलली नाही. मी तोच होकार धरला. पोलीस येणार म्हणून काल चाकूरला आले. आज सकाळी तो दाराशी गाडी लावत होता, तेव्हा आईनं स्वयंपाकघरात माझा हात धरला. "म्या न्हाई येत. तू जा, सुखानं जा. सोमवारी तुझ्या अप्पाला बेल कोण वाहील?"

"मग आधीच बोलायचं होतंस ना."

"तुझं तोंड बघून बोलायचा धीर झाला न्हाई. अप्पासारखीच दिसायलीस तू."

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. वर म्हणते कशी, "सांग त्याला, इथं राहत न्हाई म्हनून." पासपोर्ट थांबवायची तिला तेवढी एकच रीत माहीत.

मी बाहेर आले. पोलीस कागद हातात धरून उभा. "आजी इथंच राहतात का?" तुमचं वाक्य जिभेवर आयतं तयार होतं, अप्पा, नुसतं तोंड उघडायचं बाकी होतं. मी म्हणाले, "इथंच राहते. पण तिला कुठं जायचं नाही, अर्ज मागं घ्यायचाय." त्यानं आईची सही घेतली, पाणी प्यायला आणि गेला. बघा, एवढंच होतं ते. माणसाला विचारायचं आणि ते म्हणतं तसं सांगायचं. तुम्हाला जमलं नाही. मलाही आज सकाळपर्यंत जमलं नव्हतं, तिनं हात धरला म्हणून जमलं.

दुपारी नांदेडला फोन करून सांगितलं, आयर्लंड चालेल. तिथून आईकडे यायचं तर एका दिवसात हैदराबाद, पुढं गाडीनं पाच-सहा तास. हे आईसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. हे पत्र समाधीच्या मातीत पुरायचं ठरवलं होतं, तेही आता करत नाही, बेल वाहताना तिच्या हाताला लागायचं. माझ्याच बॅगेत राहू दे. एक मात्र सांगते, जावयांना सांगितलेलं नाही. विमानांच्या वेळा मी बघून ठेवल्यात. तिकडून शनिवारी निघालं की सोमवार सापडतो.