सोवळ्यातली बिअर

सप्तापूर, धारवाड
बुधवार, संध्याकाळ

तीर्थस्वरूप यशवंतमामांना भार्गवीचा साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून लिहिते आहे, तेव्हा साष्टांग हा शब्द भावनेपुरता घ्यावा.)

तुमची प्रकृती कशी आहे? मामींची कंबर? इथे मी ठीक. तुमचा रक्तदाब हे पत्र वाचण्याआधी एकदा मोजून ठेवावा, म्हणजे वाचल्यानंतरच्या आकड्याशी तुलना करता येईल. फोन न करता पत्र लिहिते, कारण तुमचा फोन मामी उचलतात आणि मेसेज आला तर सगळ्या घराला वाचून दाखवतात. हे पत्र फक्त तुम्ही वाचावं. पाकीट नीट चिकटवलं आहे.

मजकूर असा, की मी माझ्या खोलीत बिअर बनवते. हे वाक्य मी वेगवेगळ्या प्रकारे लिहून पाहिलं. दर वेळी ते लांबलं, पण अर्थ तेवढाच राहिला, म्हणून सर्वांत आखूड ठेवलं.

तुम्ही अबकारी खात्यात निरीक्षक म्हणून आयुष्य काढलंत, खेडोपाडी नवसागराची पिंपं उलटी केलीत, आणि ही खोली मला निव्वळ तुमच्या शब्दावर मिळाली, याची मला जाणीव आहे. घरमालकीण हेमावतीअक्का आधी 'नोकरीवाली एकटी मुलगी नको' म्हणत होत्या. तुम्ही म्हणालात, "माझी भाची आहे. तिच्या खोलीत अंडंसुद्धा सापडणार नाही." अंडं आजवर सापडलेलं नाही. (परवान्याची चौकशीही केली होती. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, किती हजार लिटर? मी म्हटलं, दहा. ते म्हणाले, दहा हजारांचा अर्ज वेगळा. मी म्हटलं, दहा लिटर. त्यावर त्यांनी खिडकी लावून घेतली, आणि मी घरी आले.)

आई तुम्हाला सांगत असेल, की सांगलीचं स्थळ मोडल्यापासून भार्गवी काहीबाही करत असते. कारण ते नाही. कामानिमित्त बंगळूरला गेले असताना सहकाऱ्यांनी एका जागी नेलं, जिथे बिअर काचेच्या भिंतीमागे तयार होते. तिथल्या माणसाला मी विचारलं, आंबवणं कधी थांबवायचं हे कसं ठरवता? तो म्हणाला, "मॅडम, ते आतून कळतं." मी डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करते. दूध नासलंय हे आतून कळतं असं मी अहवालात लिहिलं तर मला घरी पाठवतील. त्याच रात्री परतीच्या गाडीत ठरवलं, की हे मोजून करून दाखवायचं.

अमरगोळच्या बाजारातून ज्वारी आणली. भिजवली, मोड आणले, गच्चीवर वाळवली, मोड चोळून काढले, दळली. हे दळण गरम पाण्यात ठरावीक तापमानाला ठेवलं की पिठाची साखर होते, मग ते गाळून, उकळून, कडू फुलं घालून, थंड करून त्यात यीस्ट सोडायचं, असा सारा मामला आहे. पुस्तकात तो एका पानात बसतो. पहिल्या खेपेला ज्वारीचं पिठलं झालं. (तक्रार नाही. फोडणी दिली असती तर दोन वेळचं जेवण निघालं असतं.) दुसऱ्या खेपेला थोडे जव मिसळले, रस उत्तम उतरला, आंबलाही. पण बाटल्या भरताना मी पुस्तकातल्या देशाचा उन्हाळा धरला होता आणि खोलीत धारवाडचा वैशाख होता. खाली अक्कांकडे भजनाच्या बायका जमल्या असताना वर एक बाटली फुटली. बायकांना वाटलं कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर गेला. त्यांनी फोन केला, लाइनमन आला, खांबावर चढला, उतरला आणि चहा पिऊन गेला. मी छताला चिकटलेल्या काचा काढत होते. तेव्हापासून मी सरबताच्या जुन्या बाटल्या आणि साधी बुचं वापरते. दाब वाढलाच तर काचेऐवजी बूच जावं, अशी ही रचना आहे.

पुढच्या खेपा मात्र आंबट झाल्या. एकामागून एक, निरपवाद. आता ताकासारखा आंबटपणा कशानं येतो हे ओळखणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे हा अपमान जरा आतपर्यंत गेला. पहिला संशय स्वतःवर घेतला. दिवसभर दुधातले जंतू हाताळते, तेच कपड्यांवरून घरी येत असणार. म्हणून डेअरीतून आल्याबरोबर, कशालाही न शिवता, आधी अंघोळ. वेगळे धुतलेले कपडे. भांडी वेगळी, उकळत्या पाण्यातून काढलेली, त्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पातेल्यावर धुऊन वाळवलेलं फडकं. त्या वेळी कुणाशी बोलायचं नाही, कारण बोलताना थुंकी उडते. (याच मोहिमेत माझा हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजायची काचेची नळी, मी निर्जंतुक करण्यासाठी उकळत्या पाण्यात सोडला. काच तडकते, हे मला माहीत होतं. पुढे बोलत नाही.)

मामा, हे सगळं अक्का जिन्यावरून बघत होत्या. आणि त्यांना ते सोवळं वाटलं.

एक दिवस त्या शेजारच्या सरस्वतीबाईंना सांगत होत्या, ते खिडकीतून ऐकू आलं. "आजकालच्या पोरींत एवढी मडी, एवढं सोवळं कुठं गं? कामावरनं आली की आधी डोक्यावरनं पाणी. स्वैपाकाला लागली की तोंडातनं शब्द नाही. आमच्या सासूबाईसुद्धा मधेच एखादी शिवी हासडायच्या." त्यानंतर सरस्वतीबाई मला बघून गेल्या. मग आणखी दोघी आल्या आणि मला दारातूनच बघून परतल्या, न शिवता. पातेल्यात काय आहे, असं अक्कांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, "ज्वारीचं आंबवतेय." हे शंभर टक्के खरं आहे. त्या म्हणाल्या, "अंबील होय!" आणि मी काही बोलले नाही. हेही खरं आहे, पण याचे टक्के मला काढता आलेले नाहीत.

मागच्या महिन्यात डेअरीतली वीज गेली म्हणून मी दुपारीच घरी आले. गच्चीकडे जायची वाट माझ्या स्वैपाकघरातून असल्यानं अक्कांकडे एक किल्ली असते. बघते तर अक्का ओल्या लुगड्यात माझ्या पातेल्यापाशी उभ्या. फडकं बाजूला, एका हातात पितळी वाटी, दुसऱ्या हातात चमचा.

"आलीस काय गं? बेश झालं. अगं, तुझं हे आंबतच नव्हतं बघ. नुसतं बुडबुड करतंय मेलं. म्हणून मी रोज चमचाभर ताक घालते. तुला सांगणार नव्हते, म्हटलं तिला वाटू दे तिच्याच हाताला गुण आला."

मी डेअरीला, नळाच्या पाण्याला, स्वतःच्या केसांना दोषी धरलं होतं. पुराव्यांत ताकाची वाटी कुठेच नव्हती. मी म्हटलं, "अक्का, यात ताक नका घालू." त्यांचा चेहरा उतरला. "का? मी अंघोळ करून, ओलेत्यानं घालतेय की. माझा हात चालत नाही तुला?"

इथे मी अडकले. ताक थांबवायचं तर त्यांच्या सोवळ्यावर बोट ठेवायचं, नाहीतर पातेल्यात काय आहे ते सांगून संध्याकाळी सामान बांधायचं. मी तिसरं काहीतरी केलं. म्हटलं, "याचं विरजण वेगळं असतं, अक्का. त्या दोघांचं पटत नाही." त्या म्हणाल्या, "मग आधी बोलायला काय झालं होतं? अर्धा रस मला दे. माझी अंबील वेगळी लावते, तुझी वेगळी. बघू कुणाची जमते."

तेव्हापासून माझ्या स्वैपाकघरात त्यांची ताक घातलेली बरणी एका कोपऱ्यात आणि माझं पातेलं दुसऱ्या कोपऱ्यात, अशी व्यवस्था आहे. आणि मामा, ही खेप जमली. रंग स्वच्छ, फेस बारीक, आंबटपणा शून्य. कडवटपणा किंचित जास्त, तो पुढच्या खेपेला कमी करीन. इतके दिवस मोजून-मापून केलं आणि पहिल्यांदा हाती आलं, ते दाखवायला माणूस नाही, एवढीच काय ती अडचण.

उद्या अक्का भाच्याच्या मुंजीसाठी बेळगावला येत आहेत. अशी गुणाची मुलगी पाठवल्याबद्दल तुम्हाला त्या अंबील देणार आहेत. हे पत्र त्यांच्याच हाती देते. अंबील चांगली झाली आहे. पिऊन तसं त्यांना सांगावं. बाकी काही विचारलं तर तुम्हाला माहीत नाही.

मामींना नमस्कार.

तुमची,
भार्गवी

ता.क. तुमच्या कपाटात लाकडी पेटीतला, नोकरीच्या काळातला हायड्रोमीटर आहे. तो काही दिवसांसाठी हवा आहे. अक्का शनिवारी परतताना त्यांच्याबरोबर कापसात गुंडाळून पाठवावा. खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता.क. २. आत्ता स्वैपाकघरात जाऊन आले. अक्कांच्या अंबिलीची बरणी काठोकाठ भरलेली आहे. माझ्या बाटल्या मात्र कमी आहेत. म्हणजे तुमच्याकडे येत आहे ते माझं. दोन बाटल्यांची पिशवी अक्कांनी बांधून त्यांच्या देवघरात ठेवली आहे आणि बिअर करायला लागल्यापासून मी तिथे पाय ठेवत नाही, त्यामुळे बदलता येणार नाही. मामींसमोर उघडू नये. उघडण्याआधी थंड करावी. ओतून टाकायचीच असेल तर टाका, पण त्याआधी हायड्रोमीटर बुडवून आकडा लिहून घ्यावा.

ता.क. ३. वजाबाकी पुन्हा केली. तुमच्यासाठी बांधलेल्या दोन बाटल्या धरूनही हिशेब लागत नाही. अक्का या आठवड्यात सांगत होत्या, की रात्री झोप गाढ लागते आणि गुडघा बोलत नाही. काल आरतीला त्यांनी वरचा सूर लावला. "तुझ्या हातची अंबील माझ्यापेक्षा बरी गं," असंही म्हणाल्या होत्या, ते मी कौतुक समजून सोडून दिलं. आता सोडता येत नाही. न सांगता कुणाला काही पाजणं माझ्या हिशेबात बसत नाही, मग मी पाजलेलं असो वा त्यांनी घेतलेलं. उरलेल्या बाटल्या कपाटात घालून कुलूप लावलं आहे. शनिवारी त्या आल्या की सगळं सांगणार आहे, पातेल्यापासून. तुम्ही दिलेला शब्द तुम्ही परत घेतलात तरी चालेल. हुबळीत कमरीपेठेत एक खोली बघून ठेवली आहे, तिथे कुणी काही विचारत नाही. बिअर मी सोडणार नाही. हायड्रोमीटर मात्र तरीही हवा आहे.

यशवंतराव,

हे अक्षर माझं, हेमावतीचं. दुसऱ्याचं पत्र वाचायची मला खोड नाही. कित्तूरच्या पुढं बस खड्ड्यात आदळली आणि पिशवीत फट् झालं. एका बाटलीचं बूच गेलं. पिशवी भिजली, पाकीट सुटलं, पानं मांडीवर पसरून वाळवावी लागली. डोळे मिटून वाळवता येत नाहीत. शेजारची बाई उठून मागं जाऊन बसली. तिला वासावरनं कळलं, मला वाचल्यावर.

माझ्या पोटात गेलं त्याचं काय ते मी आणि माझा देव बघून घेऊ. तिला तुम्ही एक अक्षर कळवू नका. शनिवारी सांगणार म्हणते ना, सांगू दे. तोंडानं सांगितलंन तर खोली तिची, आणि पातेलं कुठं ठेवायचं ते आम्ही दोघी भांडून ठरवू. गप्प बसली तर कमरीपेठेला मीच टेम्पो सांगते.

दुसरी बाटली शाबूत आहे. तुमची नळी घालून मोजा आणि नळी माझ्याकडं द्या. ती मी देवघरात ठेवणार. बोलल्याशिवाय मिळायची नाही. आणि पोरगी आत जाऊन घेणार नाही, तेवढी खात्री आहे मला तिची.