पिंपळाचं रान कुठल्या भाषेत?

३ ऑगस्ट १९७६, इस्लामपूर
कारखान्याच्या शेती ऑफिसात आज मोहितेसाहेब म्हणाले, "सुनंदा, ऊसतोडीच्या पाळ्यांची यादी पुण्याच्या कॉम्प्युटरवर करून दाखव. जमली तर तुलाच ट्रेनिंगला पाठवतो." देव पावला! सांगलीला फोरट्रान, कॉम्प्युटरची आकडेमोडीची भाषा, शिकले ती कामी आली. दुसरी भाषा कोबोल, ती मुद्दाम सोडली होती. पानंच्या पानं शब्द, नुसती कारकुनी. माझे वडील, आण्णा, तोफखान्यात हवालदार होते. भाषा निवडताना म्हणाले, "तोफंचा नेम आकड्यावर बसतो. आकड्याचीच भाषा शिक."

२१ ऑगस्ट
माझी यादी पुण्याहून छापून एस.टी. पार्सलने आली. लागवडीच्या तारखेप्रमाणे पाळ्या, एक चूक नाही. दिवसभर हवेत.

२४ ऑगस्ट
यादी बोर्डावर लावली. नुसते सभासद नंबर न् सर्व्हे नंबर. कुणाला काही कळेना. शेजारचे सुभेदारकाका कडाडले, "आमी काय जेलात हाय व्हय? माझं पिंपळाचं रान कुठं हाय ह्यात?" साहेबांनी यादी उतरवली. मी घरी येऊन रडले.

२५ ऑगस्ट
आण्णांना विचारलं, आपल्या शेताचा सर्व्हे नंबर किती?
"कुणाला ठावं! बांधाकडचं रान."
दोघंही हसत सुटलो. मग म्हणाले, "माझंच चुकलं गं. तोफंला नाव लागत न्हाई, माणसाला लागतं."
फोरट्रानमध्ये नावं कोंबून पाहिली. प्रत्येक नावाचे चार-चार अक्षरांचे तुकडे करावे लागतात. जीव मेटाकुटीला.

५ सप्टें., रविवार
सांगलीला कॉलेजातल्या मैत्रिणीकडे, कुमुदकडे. कोबोल घेतली म्हणून तेव्हा मीच तिला 'कारकूनबाई' चिडवायचे. तिने कोबोलचं पुस्तक दिलं, वर चहा पाजला. "आता कोण गं कारकूनबाई?" पुस्तक तिथेच उघडून बसले.

१७ सप्टें.
सगळं कोबोलमध्ये पुन्हा लिहितेय. पाळ्या लावायची रीत तीच, बोलणं तेवढं निराळं. म्हणजे फोरट्रान वाया नाही गेली. पण भाषा निवडताना हुशार कुठली दिसते एवढंच पाहिलं. यादी वाचणार कोण, हे कुठं विचारलं?

३० सप्टें.
कागद पुन्हा पुण्याला. रानाच्या नावाला वीस अक्षरं ठेवलीत. साहेब म्हणाले, "गळीत हंगाम तोंडावर आलाय. आता चुकलं तर यादी हाताने करू. ट्रेनिंगचंही विसर."

९ ऑक्टो.
स्टँडवर पार्सल आलंय, आत्ताच निरोप. छपाई इंग्रजी अक्षरांत असणार, म्हणून वाचून दाखवायला आण्णा फेटा बांधून हजर. सुभेदारकाका ऑफिसच्या पायरीवर बसलेत. "आलं का गं पोरी माझं रान?"
"आणायलाच चाललेय, काका."
साहेबांची सायकल घेतली आहे. वही इथेच ठेवते.